पोर्तुगीज व्हायची तयारी

माझ्या वडिलांना पोर्तुगीज पोलिसांनी बदडलं होतं आणि मला पोर्तुगीज पासपोर्ट हवा होता. या दोन्ही गोष्टी लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या घरात वर्षभर गुण्यागोविंदाने नांदल्या, कारण दुसरी मी वडिलांना सांगितलीच नव्हती.

वडिलांची हकीकत ते स्वतः दोन वाक्यांत आटपतात. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहासाठी पुण्याहून तुकड्या निघत होत्या, ते कॉलेजात होते, आजोबांना न विचारता एका तुकडीत शिरले. हद्द ओलांडून थोडे आत जातात न जातात तोच पोलिसांनी बंदुकीच्या दस्त्यांनी झोडपून काढलं आणि उचलून पुन्हा हद्दीबाहेर टाकलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही. पुढे त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण हात वर जात नसल्यामुळे त्यांच्या तासाला फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा असायचा. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. आता नव्वदीला टेकलेत, सकाळी पार्कात तीन फेऱ्या मारतात आणि दुपारी टेस्ट मॅच बघतात.

त्या खांद्याचं भांडवल केलं ते मी. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून इथल्या मंडळाच्या पंधरा ऑगस्टपर्यंत ती हकीकत मी इतक्यांदा सांगितली आहे, की वॉटफर्डच्या एका हॉलमध्ये खुद्द वडील पहिल्या रांगेत बसून ‘आता पुढे काय होणार’ अशा चेहऱ्याने ऐकत होते. त्यांच्या सांगण्यातले तीन-चार पोलीस माझ्या सांगण्यात तीस-चाळीस होतात. टाळ्या मिळतात, मग मी नम्रपणे खाली बघतो. खांदा त्यांचा, टाळ्या माझ्या, असा हा आमचा घरगुती करार होता.

आता पासपोर्टचं. माझा एक मित्र आहे, मूळचा नागपूरचा, राहतो वॉटफर्डला. त्याची बायको म्हापशाची, आणि गोव्याच्या बऱ्याच लोकांसारखा तिच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. आम्ही दोन कुटुंबं मिळून लिस्बनला फिरायला गेलो. विमानतळावर ती युरोपवाल्यांच्या दारातून दोन मिनिटांत पलीकडे गेली आणि आम्ही उरलेले तिघं ब्रिटिश पासपोर्ट छातीशी धरून पावणेदोन तास रांगेत उभे राहिलो. ती काचेपलीकडे कॉफी पीत आम्हाला हात करत होती. ब्रिटिश नागरिक व्हायला मी किती वर्षं घासली, राणीच्या फोटोसमोर गंभीर चेहऱ्याने शपथ घेतली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत या लोकांनी युरोप सोडला. मी जेवायला पोचावं आणि यजमानांनी चूल विझवून कुलूप लावावं, तसं झालं.

परत आल्यावर मी आमच्या आईकडचं खोदकाम सुरू केलं. आईची आई गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका खेड्यात जन्मलेली, लग्न होऊन बेळगावला आलेली, पुन्हा कधी तिकडे न गेलेली. वेम्बलीच्या एजंटाने सांगितलं की आजीची जन्मनोंद मिळाली तर नातवाला अर्ज करता येतो, फक्त पोर्तुगीज भाषेची परीक्षा पास व्हावी लागते. हयात असताना ज्या आजीला मी वर्षातून एक पत्र लिहिलं नाही, तिच्याबद्दल माझ्या मनात एकाएकी फार जिव्हाळा दाटून आला.

लोकांना मी सांगायचो की मुलीसाठी करतोय. मुलगी लीड्सला शिकते. ती फोनवर म्हणाली, “बाबा, मला नाही पाहिजे तो पासपोर्ट. माझं नाव नको सांगू ना सगळ्यांना.” मी सांगायचं थांबवलं नाही. विमानतळावरच्या रांगेसाठी मी आजी उकरून काढतोय, हे कोण कबूल करणार?

वडिलांना मात्र सांगितलं की ऑफिसच्या कामासाठी स्पॅनिश शिकतोय. ते म्हणाले, शीक, स्पॅनिश लोकांनी आपलं काही बिघडवलेलं नाही. मी मान डोलावली आणि शनिवारी सकाळी वही घेऊन निघालो.

क्लास एका लायब्ररीच्या वरच्या खोलीत भरायचा. आम्ही नऊ जण होतो. नागपूरकर मित्र होता, कारण बायकोच्या जोरावर त्यालाही अर्ज करायचा होता. वेम्बलीच्या एक काकू होत्या, सत्तरीच्या, गळ्यात तुळशीची माळ; त्यांचे यजमान गोव्याचे, माहेर कोल्हापूरकडचं. बाकीचे गोव्याचे नाहीतर सावंतवाडीचे. शिकवणारी बाई ब्राझीलची, बाहिया नावाच्या प्रांतातली. आठवडाभर ती एका डेंटिस्टकडे नर्स म्हणून काम करायची आणि शनिवारी आमची तोंडं उघडायची. गोव्याहून आलेल्या लोकांना पोर्तुगीज करण्याचं काम ब्राझीलच्या बाईने इंग्लंडमध्ये करावं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आम्हाला सर्टिफिकेटशी मतलब होता.

दुसऱ्याच शनिवारी मी तिच्याकडे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागितल्या. ती म्हणाली, भाषा बोलून येते. आता पुण्यात दहावी-बारावी केलेल्या माणसाला हे काय पटणार! मी घरी बसून इंटरनेट चाळलं आणि ‘तोंडी परीक्षा: अपेक्षित प्रश्न व आदर्श उत्तरे’ अशा चार पानी नोट्स काढल्या, देवनागरीत उच्चार देऊन, अधोरेखित करून. माझ्या वडिलांनी जन्मभर वर्गात गाईड सापडलं की जप्त केलं, आणि त्यांच्या मुलाने उतारवयात गाईड लिहिलं. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्याबरोबर अंगठ्यांचा पाऊस पडला. नागपूरकर म्हणाला, “काय मस्त काम केलं रे भाऊ, आता डायरेक्ट रट्टा मारतो.”

पहिला अपेक्षित प्रश्न होता, तुम्हाला पोर्तुगीज का व्हायचं आहे? आदर्श उत्तर मी असं दिलं होतं: पोर्तुगाल लहान पण महान देश आहे. त्याच्या शूर खलाशांनी ब्राझीलचा शोध लावला. त्यांनी ब्राझीलला भाषा, धर्म आणि संस्कृती दिली. मला पोर्तुगालचा समुद्र आणि भाजलेले मासे फार आवडतात.

हे लिहिताना आपल्याला शिकवायला कोण उभी आहे, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. गाईड लिहिणाऱ्याला परीक्षक दिसतो, बाकी माणसं दिसत नाहीत.

पुढच्या शनिवारी बाईने सराव म्हणून तोंडी घेतली. आणि नेमका तोच प्रश्न विचारला. नागपूरकराने डोळे मिटून उत्तर धडाधड म्हटलं. बाईने शाबासकी दिली. दुसऱ्यानेही तेच म्हटलं, तिसऱ्याने तेच. चौथ्याला ती पेन खाली ठेवून बघायला लागली. माळ घातलेल्या आणि जन्मात अंड्याला हात न लावलेल्या काकूंनी जेव्हा भाजलेले मासे फार आवडत असल्याचं सांगितलं, तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं, पण बाई हसली नाही. तिने नऊच्या नऊ जणांचं ऐकून घेतलं. आपल्या देशाचा नऊ वेळा शोध लागला, नऊ वेळा त्याला संस्कृती मिळाली, आणि ती खुर्चीत ताठ बसून होती.

मग तिने विचारलं, हे कोणी लिहिलं? आठ माना माझ्याकडे वळल्या.

ती रागावली नाही. मला म्हणाली, “ते निघाले होते हिंदुस्थानला. तुमच्याकडे. वाटेत आम्ही लागलो.”

त्या दिवशी तिने पुस्तक मिटलं आणि पुढचे तीन शनिवार आम्हाला भूतकाळ शिकवला. भूतकाळी क्रियापदं लागतातच, मग ती आपल्या गावची का नकोत, असं तिचं म्हणणं. सोपी सोपी वाक्यं फळ्यावर लिहायची आणि आम्हाला मोठ्याने वाचायला लावायची. ते आले. त्यांनी लाल रंगाचं लाकूड पाहिलं. त्यांनी तिथल्या लोकांना आरसे आणि फण्या दिल्या, लोकांनी झाडं तोडून दिली. त्या लाकडावरून देशाला नाव दिलं आणि मग लाकूड नेलं. नंतर त्यांनी ऊस लावला. ऊस कापायला तिथली माणसं पुरली नाहीत, काही मेली, काही रानात पळाली. मग त्यांनी आफ्रिकेतून माणसं आणली, जगात कुठेही नेली नसतील इतकी. आम्ही बालवाडीच्या सुरात हे सगळं म्हणत होतो आणि खालच्या मजल्यावर खरोखरच बालगीतांचा कार्यक्रम चालू होता.

तिसऱ्या वाक्याला नागपूरकराने हात वर केला. “मॅडम, हे एक्झामला आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. “एक्झामला मासे आहेत.”

काकूंना मात्र उसाचं ऐकून काहीतरी झालं. बाईने सांगितलं होतं की चरकात ऊस सारताना दमलेल्या गुलामाचा हात आत ओढला जायचा, म्हणून शेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असायची. हात तोडला की माणूस वाचायचा आणि चरक चालू राहायचा. काकूंच्या माहेरी गुऱ्हाळ होतं. त्यांनी मला विचारून दोनदा खात्री करून घेतली की आपण शब्द बरोबर समजलो का. मग म्हणाल्या, “मला नाही बाई आता ते संस्कृतीचं वाक्य म्हणवत. मासे म्हणेन हवं तर.”

मी आपला मुद्दा सोडतो होय! छापखान्याची गोष्ट निघाली तेव्हा मी मध्ये तोंड घातलंच. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगिजांनी फार लवकर छापखाना आणला, हे मी अभिमानाने सांगितलं, जणू तो आमच्या वाड्यात उतरवून घेतला होता. बाई म्हणाली, आमच्याकडे त्यांनी तीनशे वर्षं छापखान्याला बंदी ठेवली. नेपोलियनला घाबरून त्यांचं राजघराणं आमच्याकडे पळून आलं, तेव्हा त्यांना स्वतःची फर्मानं छापायला यंत्र लागलं, म्हणून आलं. ज्याने मला मारलं त्याने दुसऱ्याला जास्त मारलं म्हणून मी मानाचा, असा काहीतरी माझा हिशेब होता, तो मलाच नीट मांडता येईना.

खोली बंद करायला एक वयस्क इंग्रज गृहस्थ यायचे, लायब्ररीत फुकट मदत करणारे. ते फळ्यावर काय लिहिलंय ते विचारून हळहळले. पोर्तुगीज फार क्रूर, म्हणाले, आम्ही निदान रेल्वे तरी बांधली. बाईने गोड आवाजात सांगितलं की पळणाऱ्या त्या राजघराण्याला ब्राझीलपर्यंत सांभाळून नेलं ते इंग्रज आरमाराने, आणि बदल्यात तिथली बंदरं इंग्रजी मालाला उघडून घेतली. रिओच्या उकाड्यात म्हणे यांच्या व्यापाऱ्यांनी बर्फावर घसरायचे स्केट्सही विकायला पाठवले होते. गृहस्थांनी हे नवीनच कळल्याचं कबूल केलं आणि दिवे घालवले. इंग्रज माणसाला दुसऱ्याच्या साम्राज्याचं खरोखर वाईट वाटतं, हे मी इतक्या वर्षांत अनेकदा पाहिलं आहे.

चौथ्या शनिवारी बाई म्हणाली, आता तुम्ही सांगा. हीच क्रियापदं वापरून, तुमच्या घरी काय झालं ते. सगळे माझ्या गाईडात शोधायला लागले, पण हा प्रश्न अपेक्षित नव्हता. शेवटी माझा हात वर गेला. टाळ्यांची सवय वाईट. मी उभा राहून सांगितलं: माझे वडील गोव्याला गेले. त्यांच्या हातात झेंडा होता. पोलिसांनी त्यांना मारलं. त्यांचा खांदा मोडला. त्यांना बाहेर टाकलं. पाच वाक्यं, एकही चूक नाही. पोलिसांची संख्या सांगण्याइतकी भाषा मला अजून येत नव्हती, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच ही गोष्ट मी न फुगवता सांगितली.

टाळ्या पडल्या नाहीत. बाईने विचारलं, ते आहेत का? मी म्हटलं, आहेत, घरी मॅच बघतायत. तुम्ही इथे येता हे त्यांना ठाऊक आहे? मी म्हटलं, स्पॅनिश ठाऊक आहे. यावर मात्र ती मोठ्याने हसली. मग म्हणाली की परीक्षेत हमखास कुटुंबाबद्दल विचारतात. वडिलांबद्दल विचारलं तर काय सांगाल?

“खरं ते सांगेन,” मी म्हटलं, आणि मंडळाच्या व्यासपीठावर घेतो तसा श्वास घेतला.

“सांगा,” ती म्हणाली. “काही होणार नाही. तिथे तुमचं व्याकरण बघतात, वडील नाही.”

घरी येताना ट्रेनमध्ये मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. पोर्तुगालच्या परीक्षकासमोर पोर्तुगीज भाषेत पोर्तुगिजांना सुनवायचं, आणि वर पासपोर्टही घ्यायचा. वडिलांचा मान राहील आणि रांगही चुकेल. ती पाच वाक्यं मी महिनाभर घोकली. आंघोळीत म्हटली, पार्किंगमध्ये म्हटली. खाली वडील मॅच बघत असताना वरच्या खोलीत दार लावून त्यांचाच खांदा परक्या भाषेत पुन्हा पुन्हा मोडत होतो.

परीक्षा लंडनमध्येच होती. लेखी बरी गेली. तोंडीला समोर एक पिकल्या केसांच्या पोर्तुगीज बाई होत्या, इतक्या प्रेमळ की त्यांनी आधी मला पाणी हवं का विचारलं. भांडायला जावं आणि समोरच्याने पाट मांडावा, तशी माझी पंचाईत झाली. नाव, गाव, काम, गोव्याची आजी, सगळं सांगून झालं. मग वडिलांबद्दल विचारलं. मी म्हटलं, शिक्षक होते. इतिहास शिकवायचे. त्या म्हणाल्या, वा. तुमची आजी गोव्याची, मग वडील कधी गोव्याला गेले होते का?

मी सांगतो, यापेक्षा सोपा प्रश्न कोणत्याही गाईडात सापडणार नाही. पाचही वाक्यं जिभेवर तयार होती. उच्चार पक्के, भूतकाळ पक्का. त्या बाई पेन हातात धरून, मान किंचित तिरकी करून, मी काहीतरी छान सांगेन अशा आशेने बघत होत्या. टेबलावर माझ्या नावाचा कागद होता, त्यावर अजून काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, “हो, गेले होते. त्यांना गोवा फार आवडला.”

बाई खुलल्या. गोवा सगळ्यांनाच आवडतो, म्हणाल्या, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे मी भाजलेल्या माशांबद्दलही बोललो, कोणी न विचारता. उठताना त्यांनी हात मिळवला. मला कोणी धमकावलं नव्हतं, कोणी बंदुकीचा दस्ता उगारला नव्हता. एक ग्लास पाणी पुढे केलं होतं, एवढ्यावर मी हद्दीतून आपणहून बाहेर आलो. जिन्यावर काकू भेटल्या. त्यांनी संस्कृतीचं वाक्य गाळलं होतं, दोन ठिकाणी अडकल्या होत्या, आणि नापास होईन बहुधा असं अगदी मजेत सांगत होत्या. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

घरी आलो तेव्हा वडील स्वयंपाकघरात टेबलाशी बसून मेथी निवडत होते. बायको कामावर होती. मी बूट न काढता समोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. स्पॅनिश नव्हतं, पोर्तुगीज होतं. पासपोर्टसाठी. रांगेसाठी, मुलीसाठी नव्हे. क्लासमध्ये मी तुमचं काय सांगितलं आणि आज काय सांगितलं, तेही सांगितलं. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. लहानपणी गाईड सापडल्यावर ओरडायचे तसं ओरडले असते तर मी सुटलो असतो.

त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी ओढली.

“गोवा फार आवडला, असं सांगितलंस?”

“हो.”

“आवडला असता,” ते म्हणाले. “मैल-दीड मैल गेलो असेन आत. सगळा चिखल आणि काजूची झाडं. पुढचं काही त्यांनी बघू दिलं नाही. मग जायचं राहूनच गेलं.”

ते रागाने बोलत नव्हते, उपरोधानेही नाही. माझं उत्तर त्यांनी इतिहासाच्या मास्तराप्रमाणे तपासलं होतं आणि त्यात तथ्याची एक चूक दाखवली होती, इतकंच. आयुष्यभर मी तो खांदा व्यासपीठावर नाचवला, पण तिथे काय दिसलं, झाडं कसली होती, पुढे जाऊन काय बघायचं होतं, हे त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. गोव्यात पोचायला निघालेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा मला माहीतच नव्हता. मला फक्त मार खाणारा माहीत होता, कारण टाळ्या त्याला पडत. आणि आज त्यालाही मी एका पाण्याच्या ग्लासाच्या बदल्यात देऊन आलो होतो.

मी समोर बसलो आणि मेथीची एक जुडी घेतली. दुसरं काही करण्याची माझी लायकी नव्हती.